कंधारचे तळे आणि लातूरची आगगाडी

वाचकहो, कंधारला आपणांपैकी पुष्कळजण गेले असतील. नांदेड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. शाळेची सहल निघाली की मुले किल्ला पाहतात, खंदकात डोकावतात, तोफेवर हात फिरवतात आणि परत येतात. गुरुजी सांगतात, हा राष्ट्रकूटांचा किल्ला. मुले वहीत लिहून घेतात. पण गावाशेजारचे मोठे तळे मात्र कुणी पाहायला नेत नाही. आता तळ्यात पाहायचे ते काय, असे आपण म्हणाल. मी इतिहासाचा शिक्षक आहे, आणि मला तर किल्ल्याहून त्या तळ्याचेच अप्रूप वाटते. किल्ले शत्रूसाठी बांधतात. शत्रू गेला की किल्ल्याचे काम संपते. तहान मात्र रोज लागते.

या तळ्याचे जुने नाव जगत्तुंगसमुद्र. 'जगत्तुंग' हे राष्ट्रकूट घराण्यात एकाहून अधिक पुरुषांचे नाव आणि बिरुद होते, तेव्हा हा जगत्तुंग नेमका कोणता, हा खल अभ्यासकांवर सोपवू. आपल्याला एवढे पुरे, की हजार-अकराशे वर्षांपूर्वी मन्याडच्या खोऱ्यात, जिथे समुद्र कुणी पाहिलेलाही नसेल तिथे, पाणी अडवून त्याला लोकांनी 'समुद्र' म्हटले. राष्ट्रकूट राजे आपल्याला लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे कंधार आणि लातूर यांचे नाते आजच्या एस.टी.च्या रस्त्याहून कितीतरी जुने आहे.

कंधारचा शिलालेख तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, दहाव्या शतकातला. नांदेड जिल्ह्यातले असे कोरीव लेख श्रीनिवास रित्ती आणि गो. चं. शेळके यांनी एकत्र केले आणि नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने ते १९६८ साली पुस्तकरूपाने छापले. एका जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयाने एवढे काम करावे, याचा मला या धंद्यातला माणूस म्हणून अभिमान वाटतो. असो. हे लेख वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळचा दाता देऊळ बांधून, अन्नछत्र उघडून मोकळा होत नसे. ते पुढे चालावे कसे, याची तजवीज तो दानातच करून ठेवी. जुन्या दख्खनेत तळ्यांचीही हीच रीत होती. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील लेखांत 'बिट्टुवट' असा शब्द येतो. तळे बांधणाराला किंवा त्याची निगा राखणाराला जी जमीन तोडून देत, तिला हे नाव. तळ्याखालचे शेत पिकले तर त्या माणसाच्या घरी धान्य येणार, आणि शेत पिकायचे तर तळ्यात गाळ साचता कामा नये. बांध फुटला की पहिली चूल त्याची विझणार! इतकी साधी गोष्ट. दगडाचा बांध एकदा घातला की झाले असे नसते, दरसाल त्याच्यामागे एक माणूस उभा असावा लागतो, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

हा धागा हातात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या भूमीकडे पाहू. नांदेड-लातूरचा बहुतेक भाग काळ्या कातळावर वसलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. या कातळाच्या पोटात पाणी राहते ते फक्त भेगांत आणि कुजलेल्या थरांत. गंगा-यमुनेच्या प्रदेशात जमिनीखाली वाळूचे जाडजूड थर आहेत आणि ते पाणी धरून ठेवतात. आपल्याकडे ती सोय नाही. आपली जमीन म्हणजे मोठा रांजण नव्हे, तांब्या आहे. पाऊस पडला की लवकर भरतो आणि उपसला की लवकर रिता होतो. पाऊस तसा फार कमी आहे असेही नाही. लातूरकडे वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास, नांदेडकडे त्याहून थोडा अधिक. पण तो येतो चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत, आणि तीन वर्षांत एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. जुने लोक म्हणून आड खणत, बारव बांधीत, मोट हाकीत. मोटेचा एक गुण होता, बरं का. बैल दमले की उपसा थांबे. विजेचा पंप दमत नाही!

मांजरा नदीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरात ती उगम पावते, लातूरच्या अंगाने आग्नेयेला जाते, कर्नाटकात बिदरकडे उतरते, तेलंगणात शिरते, आणि तिथे एकाएकी उत्तरेला वळून नांदेड जिल्ह्याच्या पूर्व शिवेवर गोदावरीला येऊन मिळते. सासरी गेलेली लेक फार मोठा वळसा घेऊन पुन्हा माहेराच्या दारात यावी तशी. निजामाच्या राज्यात या नदीवर पहिले मोठे धरण झाले ते निजामसागर. १९२३ साली काम निघाले आणि १९३१ साली पुरे झाले. नवाब अली नवाज जंग हे त्याचे कर्ते अभियंता, मोठा कर्तबगार माणूस. पण धरण झाले ते खाली, तेलंगणाच्या बाजूला. बालाघाटावर पडलेला पाऊस लातूरच्या शिवारासमोरून वाहत जाई आणि निजामाबादकडचे भात पिकवी. यात निजामाचा काही कावा होता असे मी म्हणत नाही. धरणाला जागा लागते, सपाट लाभक्षेत्र लागते, ते तिकडे होते. तरी मराठवाड्याच्या माणसाच्या मनात एक गोष्ट बसली ती बसली, की पाणी आपल्या दारावरून जाते आणि थांबते दुसऱ्याच्या दारात.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. पुढचा इतिहास मी भरभर सांगतो, तो आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर झाले. पैठणला जायकवाडीचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ ला इंदिरा गांधींनी त्या धरणाचे उद्घाटन केले. या सगळ्या कामामागे नांदेडचे शंकरराव चव्हाण यांचा आग्रह होता. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी अडवून ते पंपांनी वर चढवण्याची मोठी योजना झाली आणि त्या जलाशयाला पुढे शंकरसागर हे नाव मिळाले. नांदेड शहर आज त्याच जलाशयाचे पाणी पिते. मध्येच १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर पोचली आणि गावोगाव पाझर तलाव खणले गेले. त्याच सुमारास जालन्याच्या मिशनमधल्या कारागिरांनी हापसा सुधारला. तेच काम पुढे सोलापूरला वाढले, आणि त्यातून निघालेला 'इंडिया मार्क टू' पंप आफ्रिकेपर्यंत गेला. माझ्या लहानपणी गावात जो हापसा होता तो याच घराण्यातला. त्याचा दांडा उचलायला आम्हां पोरांना दोघे लागत.

लातूरसाठी मांजरेवर धरण झाले ते बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, धनेगावला. पुरे भरले की त्यात सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. लातूर शहर त्यावर तहान भागवते, अंबाजोगाई, केज, कळंब भागवतात. पाणी आले तसा ऊस आला, ऊस आला तसे सहकारी साखर कारखाने आले. त्याबरोबर रस्ते झाले, शाळा-महाविद्यालये झाली, पोरे शिकली. उसाला नावे ठेवण्याची आजकाल फॅशन आहे, मला ती पटत नाही. तुरीचा भाव कोसळतो, सोयाबीन पावसात भिजते, उसाला मात्र गिऱ्हाईक ठरलेले आणि दर बांधलेला. शेतकरी शहाणा आहे म्हणूनच ऊस लावतो.

पण हिशेब हिशेबाच्या जागी. पाटपाण्यावरचा ऊस वर्षभरात हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी पितो. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा, थोड्या वेळाने लागेल. माधवराव चितळे, ज्यांना १९९३ साली स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात सांगून ठेवले होते, की पाण्याची तूट असलेल्या उपखोऱ्यांत उसासारखी जास्त पाण्याची पिके घेऊ नयेत. अहवाल छापला गेला. ऊस वाढत राहिला.

मग २०१६ उजाडले. त्याआधीचे दोन पावसाळे हुकले होते. धनेगावचे धरण कोरडे पडले. लातूर म्हणजे २०११ च्या शिरगणतीप्रमाणे पावणेचार लाखांहून अधिक वस्तीचे शहर. बाहेरगावची हजारो मुले तिथे शिकवणीला येऊन राहतात. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. विचार करा, वाचकहो, हे कलम दंगलीसाठी असे, ते घागरींच्या रांगेला लागले! शेवटी १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन आगगाडी लातूरला आली. वाघिणी राजस्थानातल्या कोट्याला धुऊन आणल्या होत्या. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. तिला नाव दिले 'जलदूत'. पावसाळा लागेपर्यंत आणि लागल्यावरही ती येत राहिली, शंभराहून अधिक खेपा झाल्या.

आता फळ्यावरचा आकडा घ्या. दोन कोटीला पंचवीस लाखांनी भागा. आठ. म्हणजे एका हेक्टर उसाला लागणारे पाणी वाहायला पन्नास वाघिणींच्या आठ गाड्या लागतील. आणखी एक भागाकार करू. एका गाडीतले पाणी सगळ्या लातूरकरांना सारखे वाटले तर माणशी साडेसहा लिटर येते, अंघोळीची अर्धी बादलीही नाही. आणि धनेगावचे धरण एकदा भरते त्यात अशा जवळजवळ नव्वद हजार गाड्या बसतात. रेल्वेचे उपकार मानावेतच. त्या उन्हाळ्यात ज्यांनी रात्रपाळीत नळ्या जोडल्या त्यांचेही मानावेत. पण गाडीने लातूर वाचवले असे जे म्हणतात त्यांनी हे भागाकार करून पाहावेत. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस भरपूर पाऊस झाला, धरण भरले, आणि पुढच्या हंगामात शिवारात पुन्हा उसाचे बेणे पडले.

या दुष्काळानंतर आपल्या खेड्यापाड्यांत एक नवीन पाहुणा दिसू लागला. तो म्हणजे कंपनी. कंपनी आणि पाणी हे नाते महाराष्ट्राला नवे नाही, आणि त्याचा पहिला अध्याय गोड नाही. पुणे जिल्ह्यात मुळशीला टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधायला घेतले तेव्हा बुडणाऱ्या गावांतल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. धरण झाले. मुंबईला वीज मिळाली, गावे पाण्याखाली गेली. तिथे कंपनी घेणारी होती. आताची कंपनी देणारी म्हणून येते. तिच्यामागे कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले आहे, आणि त्या कामांच्या यादीत पाणी आणि मातीचे रक्षण आहे. हा कायदा १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. आपल्याकडे त्यातून नाले रुंद झाले, बंधारे झाले, यंत्रे मिळाली. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. त्यात दात्याच्या पैशातून यंत्राने तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरने तो आपल्या शेतात नेऊन टाकायचा. मला ही योजना बरी वाटते. गाळ हा तळ्याला रोग आणि शेताला खत, हे आपल्या पणज्यांना माहीत होतेच. शिवाय यात शेतकऱ्याचे डिझेल जळते, म्हणून त्याचे लक्ष राहते.

पण एक अनुभव सांगतो. आमच्या भागातल्या एका गावात एका कंपनीने नाल्यावर सिमेंटचा बंधारा बांधून दिला. गावाचे नाव घेत नाही, कंपनीचेही नाही. उद्घाटनाला मीही गेलो होतो, फेटा बांधून घेतला होता, चार शब्द बोललोही होतो. सुंदर पाटी लावली होती, तीवर कंपनीचे चिन्ह. पहिली दोन वर्षे आजूबाजूच्या विहिरींना जानेवारीपर्यंत पाणी राहिले. चौथ्या वर्षी गेलो तर बंधारा गाळाने गळ्यापर्यंत भरलेला, दाराच्या फळ्या कुणीतरी नेलेल्या, आणि पाणी बगलेने माती कापून निघून चाललेले. ग्रामपंचायतीत विचारले. ते म्हणाले, "तो कंपनीचा बंधारा आहे, आमच्या दप्तरी नाही." कंपनीच्या माणसाला फोन केला. तो अदबीने म्हणाला, "सर, ते काम आम्ही गावाला देऊन टाकलं. आमचं या वर्षीचं गाव वेगळं आहे." दोघेही खोटे बोलत नव्हते. हस्तांतराचा कागद कुणाजवळच सापडला नाही.

त्या दिवशी मला कंधारच्या तळ्याची आठवण झाली. कंपनीने जेवढे सिमेंट ओतले तेवढा पैसा राष्ट्रकूटांच्या एखाद्या सरदाराने सहज खर्च केला असता. पण निगा राखणारासाठी त्याने दोन बिघे जमीनही लिहून दिली असती. आपण बंधारा दिला, बिट्टुवट दिली नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती बोलून टाकतो. नाला खोल करून देणे हे दान झाले, पण कंपनीचा खरा कस तिच्या स्वतःच्या नळावर लागतो. साखर कारखान्याचेच पाहा. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते. ती वाफ थंड करून वापरली तर कारखान्याला नदीतून घ्यावे लागणारे पाणी पुष्कळ कमी करता येते. ठिबकचेही तसेच. ठिबकने उसाचे पाणी वाचते हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर नदीला काय मिळाले? हा प्रश्न कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांनी विचारायचा आहे, आणि सभासद म्हणजे तुम्हीच.

नदीच्या वाटणीचा प्रश्न तर शेजाऱ्याशीही बांधलेला आहे. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, चौदा दारांचा, पावणेतीन टी.एम.सी. पाण्याचा. त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचे आंध्र वर्षानुवर्षे भांडले. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल दिला, की बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टी.एम.सी. पाणी खाली सोडायचे. म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत पाणी अडवता येत नाही. पाऊस ऑक्टोबरअखेर संपला तर दारे लावून नुसते पाहत बसायचे. नांदेडच्या शेतकऱ्याला हे झोंबते. मात्र निजामसागराच्या वेळी आपण खालच्यांबद्दल जे म्हणत होतो, तेच खालचे आता आपल्याबद्दल म्हणतात, हेही मुलांना शिकवायला हरकत नाही.

गुरुजींना एक सुचवतो. पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मुलांकडून मोजून घ्या. छप्पर शंभर चौरस मीटरचे असेल तर लातूरकडच्या सरासरी पावसात त्यावर ऐंशी हजार लिटर पडतात, म्हणजे 'जलदूत'च्या दीड वाघिणीहून जास्त. मग गावातली बारव, आड, पाझर तलाव, बंधारा यांची वही करायला सांगा. प्रत्येकापुढे तीन रकाने: कधी झाला, कुणी बांधला, आज कोण साफ करतो. पहिल्या दोन रकान्यांत काही ना काही मिळते. तिसरा बहुधा रिकामा राहतो.

मी वर सांगितलेल्या गावच्या मुख्याध्यापकांनी अशी वही केली. सातवीच्या मुलांनी ती ग्रामसभेत वाचून दाखवली. बंधाऱ्याच्या तिसऱ्या रकान्याशी सभा बराच वेळ अडली, थोडी शिवीगाळही झाली म्हणतात. अखेर बंधारा पंचायतीच्या दप्तरी चढवून घ्यायचे ठरले. ज्यांच्या विहिरी त्याच्या आसपास आहेत अशा अकरा घरांनी दर उन्हाळ्यात गाळ काढायचा आणि फळ्या पंचायतीच्या खोलीत कुलपात ठेवायच्या, असेही ठरले. गेल्या मे महिन्यात मुख्याध्यापकांचे पत्र आले. चाळीस ट्रॉल्या गाळ निघाला, बगलेचा कापा दगड रचून बुजवला, फळ्या मात्र नव्या करायच्या आहेत आणि त्यांचे पैसे कुणी द्यायचे यावर अजून वाद चालू आहे. कंपनीची पाटी जागच्या जागी आहे. गाळ भरायला आलेल्या माणसांनी तिच्यावर आपले सदरे वाळत घातले होते, असे त्यांनी लिहिले आहे.